विश्लेषण : दुर्मीळ मृदा धातूंच्या स्फटिकात वीज का अडखळते?

खाणी, निर्यातबंदी आणि चुंबकांच्या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो. या धातूंच्या आत नेमके घडते काय? त्याचे उत्तर वीज आणि उष्णता या दोन प्रवाशांच्या मागोमाग गेल्यास सापडते. ते उत्तर शोधणारी प्रयोगशाळा आपल्याकडे किती बळकट आहे, यावर आपले खनिज धोरण किती पुढे जाईल हे ठरेल.

चर्चा आताच का?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. समारियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, लुटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम ही ती सात नावे. त्यातली बहुतेक नावे तोवर आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या काढलेल्या ओळीत निवांत होती. ती रातोरात वाहन उद्योगाच्या बैठकांत आणि बातम्यांच्या मथळ्यांत पोहोचली. ऑक्टोबरमध्ये चीनने होल्मियम, अर्बियम, थुलियम, युरोपियम आणि यिटर्बियम हीसुद्धा यादीत घातली. पुढे ही वाढीव बंधने वर्षभरासाठी स्थगित झाली.

भारतानेही पावले उचलली. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेला मंजुरी मिळाली. नोव्हेंबरमध्ये ७,२८० कोटी रुपयांची स्थायी चुंबक निर्मिती योजना आली. वर्षाला सहा हजार टन चुंबक देशात तयार व्हावेत, हे तिचे लक्ष्य आहे.

हे सारे स्वागतार्ह आहे. पण खनिज हातात येणे आणि त्याचा स्वभाव कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या देशांनी या धातूंवर हुकमत मिळवली, त्यांनी त्यांचा स्वभावही बारकाईने तपासला. म्हणून आधी तो समजून घेऊ.

हे धातू वेगळे कशामुळे?

दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये सतरा. पंधरा लँथेनाइड, शिवाय स्कँडियम आणि यिट्रियम. रसायनशास्त्राच्या नजरेने ती एकमेकांची भावंडे, कारण रासायनिक व्यवहार करणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळपास सगळ्यांत सारखेच. त्यामुळेच त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे महाकठीण. खरा फरक आत आहे. ‘४एफ’ नावाच्या आतल्या कक्षेत प्रत्येक मूलद्रव्यागणिक एकेक इलेक्ट्रॉन वाढत जातो, आणि चुंबकत्व तिथूनच येते.

लोखंडात चुंबकत्व घडवणारे इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंपर्यंत पसरलेले असतात. दुर्मीळ मृदा धातूंत मात्र ४एफ इलेक्ट्रॉन अणूच्या पोटात दडलेले. शेजारच्या अणूशी त्यांची थेट गाठभेट जवळजवळ होतच नाही. मग कोट्यवधी अणूंचे चुंबकत्व एका दिशेला वळते तरी कसे?

निरोप पोहोचवणारा तिसराच असतो. धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन एका अणूजवळून जाताना त्याच्या चुंबकत्वाची खूण घेतात आणि दूरच्या अणूपर्यंत नेतात. रुडरमन आणि किटेल यांनी १९५४ मध्ये अणुकेंद्रांच्या संदर्भात ही कल्पना मांडली. जपानचे कासुया आणि योशिदा यांनी १९५६-५७ मध्ये ती चुंबकीय धातूंपर्यंत नेली. चौघांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आरकेकेवाय’ म्हणतात.

इथेच या विषयाची किल्ली आहे. चुंबकत्वाचे निरोप नेणारे इलेक्ट्रॉन आणि वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन एकच. त्यामुळे आत चुंबकत्वाची घडी बदलली की विजेच्या प्रवाहाला ती लगेच जाणवते. साध्या तारा जोडून रोध मोजला, तरी धातूच्या पोटातली गोष्ट बाहेर येते.

एकसंध स्फटिकच कशाला हवा?

बाजारात मिळणारा धातूचा तुकडा म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा गठ्ठा. प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. त्यातून वीज सोडली, तर मिळते ती सगळ्या दिशांची सरासरी. या गटातल्या जड धातूंचे अणू मात्र षट्कोनी थरांत रचलेले असतात. थरातल्या थरात जाणे वेगळे आणि एका थरावरून दुसऱ्यावर चढत जाणे वेगळे. हा फरक पाहायचा, तर संपूर्ण तुकडा एकाच स्फटिकाचा हवा आणि तो अतिशय शुद्ध हवा.

ही अट प्रथम मोठ्या प्रमाणावर पूर्ण झाली ती अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एम्स या गावी. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक स्पेडिंग यांच्या गटाने तिथे अणुबॉम्ब प्रकल्पासाठी शुद्ध युरेनियम तयार केले. तोच अनुभव घेऊन त्यांनी आयन-विनिमय पद्धतीने दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी काढली. त्यांचे धातू बनवले, मग एकसंध स्फटिक वाढवले. सॅम लेगव्होल्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६०च्या दशकात एकेका धातूचा विद्युतरोध, चुंबकत्व आणि उष्णतावहन दिशानिहाय मोजून काढले. त्याच काळात ओक रिज प्रयोगशाळेत कोहलर, वोलन आणि सहकारी न्यूट्रॉनच्या झोताने याच धातूंतील चुंबकीय रचनांचे नकाशे काढत होते. दोन्ही कामे एकमेकांना पूरक ठरली.

वीज नेमकी अडते कुठे?

धातूत इलेक्ट्रॉनला तीन अडथळे. पहिला अशुद्धी आणि स्फटिकातील दोष. दुसरा तापमानामुळे थरथरणारे अणू. हे दोन तांब्यातही असतात. तिसरा अडथळा चुंबकीय धातूंचा खास, तो म्हणजे अणूंच्या चुंबकीय दिशांचा गोंधळ.

लेझीम पथक डोळ्यांपुढे आणा. सगळे एका तालात, एका दिशेला झुकत असतील, तर मधून वाट काढणे सोपे. प्रत्येकाने आपापल्या मनाने लेझीम फिरवली, तर पावलोपावली धक्के. थंड धातूत चुंबकीय दिशा शिस्तीत असतात, तेव्हा इलेक्ट्रॉन सुखाने जातो. तापमान वाढले की शिस्त सैल होते आणि रोध वाढतो. एका ठरावीक तापमानाला शिस्त पूर्ण मोडते. त्यापलीकडे गोंधळ आणखी वाढायला जागाच नसते, म्हणून रोधाची चढणही तिथे मंदावते.

गॅडोलिनियममध्ये हा बिंदू सुमारे २० अंश सेल्सियसला येतो, म्हणजे पुण्यातल्या हिवाळी दुपारच्या आधीच्या तापमानाला. त्याची रोधकता त्या सुमारास १३० मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या घरात असते. तांब्याची जेमतेम १.७. म्हणजे पंचाहत्तर पटींचा फरक. यातला मोठा वाटा चुंबकीय गोंधळाचा. त्याचा पुरावा घरातच आहे. लुटेशियम हे याच कुळातले भावंड. पण त्याची ४एफ कक्षा पूर्ण भरलेली, त्यामुळे चुंबकत्व नाही. त्याची रोधकता गॅडोलिनियमच्या निम्म्याहूनही कमी भरते.

हा हिशेब पुढेही चालतो. गॅडोलिनियमच्या ४एफ कक्षेत सात इलेक्ट्रॉन, सातही एका दिशेचे, म्हणून त्याचा चुंबकीय जोर सर्वांत मोठा. पुढच्या धातूंत तो कमी होत जातो आणि शिस्त लागण्याचे तापमानही त्याच क्रमाने खाली उतरते. गॅडोलिनियम सुमारे २९३ केल्विन, टर्बियम २३०, डिस्प्रोसियम १७९, होल्मियम १३२, अर्बियम ८५ आणि थुलियम ५८ केल्विनच्या आसपास. (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियस.) दिशांच्या गोंधळातून येणारा रोधही याच ओळीने घटतो. इतकी सरळ रांग निसर्गात क्वचितच दिसते.

डिस्प्रोसियमचे कोडे काय होते?

धातू थंड केला की त्याचा रोध कमी होतो, असे शाळेत शिकवतात. एम्सच्या संशोधकांनी डिस्प्रोसियमचा एकसंध स्फटिक थंड करत नेला. थरांच्या पातळीत वीज सोडली, तेव्हा रोध अपेक्षेप्रमाणे घटला. थरांना काटकोनात सोडली, तेव्हा सुमारे १७९ केल्विनच्या खाली तो उलट वाढू लागला. एक उंचवटा गाठून तो उतरला आणि ८५ केल्विनच्या सुमारास एकदम कोसळला. एकच तुकडा, एकच धातू, पण दोन दिशांना दोन वागणुकी.

उत्तर न्यूट्रॉनने दिले. १७९ ते ८५ केल्विनच्या दरम्यान डिस्प्रोसियमचे चुंबकत्व सरळ रांगेत नसते, ते गोल जिन्यासारखे असते. एका थरातले सगळे अणू एका दिशेला. वरच्या थरातले काही अंशांनी वळलेले. त्याच्या वरचे आणखी वळलेले. हे वळण वरच्या टोकाला सुमारे ४३ अंशांचे असते आणि थंड होताना सुमारे २६ अंशांपर्यंत येते. मग जिना एकाएकी उलगडतो आणि सगळे थर एकाच दिशेला येतात.

हा जिना अणूंच्या रचनेवर स्वतःचे वेगळे मोजमाप लादतो. जिन्याच्या दिशेने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी काहींसाठी त्यामुळे ऊर्जेच्या वाटा बंद होतात. रस्त्यावर नवे नाके बसावेत तसे. वाहतूक नेणारे हातच कमी झाल्याने रोध वाढतो. थरांच्या पातळीतल्या वाहतुकीला या नाक्यांचा त्रास फारसा होत नाही. ॲलन मॅकिन्टॉश यांनी १९६२ मध्ये आणि इलियट व वेजवूड यांनी १९६३ मध्ये हे गणित मांडले. पुरेसे चुंबकीय क्षेत्र लावून जिना मोडला की रोध खाली येतो, यातून त्याला दुजोरा मिळाला.

डिस्प्रोसियम आज मोटारींच्या चुंबकांत का लागते, याचे उत्तरही त्याच ४एफ कक्षेत आहे. गॅडोलिनियमचा ४एफ ढग गोल, त्याला कोणतीही दिशा जवळजवळ सारखीच. टर्बियम आणि डिस्प्रोसियमचा ढग चपटा, तो स्फटिकात ठरावीक दिशेलाच बसू पाहतो. निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकात थोडे डिस्प्रोसियम घातले की मोटर तापली तरी चुंबक आपली दिशा धरून ठेवतो.

उष्णतेचे काय?

वीज चांगली वाहून नेणारा धातू उष्णताही चांगली वाहून नेतो. विडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये हा नियम मांडला. दोन्ही कामे मुख्यतः तेच मोकळे इलेक्ट्रॉन करतात. या दोन वहनांचे गुणोत्तर तापमानाने भागले की साध्या धातूंत ठरावीक आकडा येतो, त्याला लॉरेन्झ अंक म्हणतात.

दुर्मीळ मृदा धातूंत इलेक्ट्रॉन आधीच अडखळत असल्याने उष्णतावहनही क्षीण. गॅडोलिनियम तांब्याच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहून नेते. मात्र १९६८-६९ मध्ये एम्समधून आलेल्या मोजमापांत लॉरेन्झ अंक नेहमीच्या मूल्यापेक्षा जास्त निघाला. त्या मालिकेत गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, होल्मियम, अर्बियम आणि तुलनेसाठी बिनचुंबकीय लुटेशियम असे स्फटिक होते.

अंक जास्त, याचा अर्थ इलेक्ट्रॉनांखेरीज आणखी कोणीतरी उष्णता नेत आहे. एक वाटेकरी अणूंच्या थरथरीच्या लहरी. तांब्यातही त्या असतात, पण इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्यापुढे त्यांचा हिस्सा दिसत नाही. लोंढा आटला की तो दिसतो. दुसरे संभाव्य वाटेकरी मॅग्नॉन, म्हणजे चुंबकीय दिशांच्या शिस्तीतून धावणाऱ्या लहरी. कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड काम आहे. म्हणूनच वीज आणि उष्णता दोन्ही त्याच स्फटिकावर, त्याच दिशेने मोजावी लागते.

याचा उपयोग कुठे?

पहिला उपयोग वायूविना चालणाऱ्या फ्रिजचा. गॅडोलिनियम चुंबकीय क्षेत्रात नेले की तापते, बाहेर काढले की थंड होते. खोलीच्या तापमानाला दोन टेस्लाच्या क्षेत्रात हा फरक सुमारे पाच अंशांचा असतो. हे चक्र वेगाने फिरवले तर शीतकरण होते. अमेरिकेच्या ‘नासा’मधील जी. व्ही. ब्राऊन यांनी १९७६ मध्ये याचा प्रयोग दाखवला. १९९७ मध्ये एम्समधल्या पेचार्स्की आणि ग्श्नाइडनर यांनी गॅडोलिनियम, सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या मिश्रणात अधिक मोठा परिणाम दाखवला.

अडचण कुठे येते? उष्णता धातूतून लवकर बाहेर पडली पाहिजे. गॅडोलिनियम उष्णतेच्या बाबतीत आळशी, म्हणून त्याचे पातळ पत्रे किंवा बारीक गोळ्या कराव्या लागतात. उलट त्याचा मोठा विद्युतरोध इथे कामी येतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत जे घातक प्रवाह उमटतात आणि तो विनाकारण तापवतात, ते या रोधामुळे कमी राहतात. एकच अवगुण एका जागी अडचण, दुसऱ्या जागी मदत. वहनाचे आकडे हातात नसतील, तर अभियंता असे यंत्र बांधूच शकत नाही.

दुसरा उपयोग रुग्णालयातला. एमआरआय यंत्रातला मोठा चुंबक द्रव हेलियममध्ये, चार केल्विनच्या आसपास ठेवावा लागतो. हेलियम उडून जाऊ नये म्हणून बसवलेल्या शीतयंत्रांत होल्मियम-तांबे किंवा अर्बियम-निकेल यांच्या संयुगांच्या बारीक गोळ्या वापरतात. दहा केल्विनच्या खाली शिशासारखे नेहमीचे पदार्थ उष्णता साठवेनासे होतात. या संयुगांत मात्र नेमक्या त्याच टप्प्यात चुंबकीय घडी बदलते, त्यामुळे ती उष्णता शोषून घेतात.

मुंबईचा दुवा काय?

या विषयात आपण केवळ वाचक नाही. १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि आयआयटी मुंबईतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यासह यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिवाहकता दाखवली. या कुटुंबातील होल्मियमच्या संयुगात तर चुंबकत्व आणि अतिवाहकता यांचा सामना दिसतो. सुमारे आठ केल्विनला रोध शून्य होतो आणि पाच केल्विनच्या आसपास चुंबकीय रचना बदलताना ही अवस्था डळमळते. जगभरच्या प्रयोगशाळांनी या संयुगांवर पुढे वर्षानुवर्षे काम केले.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी. १९९८ मध्ये टाटा संस्थेतील ई. व्ही. संपतकुमारन आणि सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम, पॅलेडियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगात विचित्र गोष्ट नोंदवली. चुंबकीय शिस्त लागण्याच्या कितीतरी आधीच, थंड होताना रोध किमान पातळी गाठून पुन्हा वाढत होता. पुढच्याच वर्षी जपानी सहकाऱ्यांसोबत एकसंध स्फटिकावरचे काम प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये जपानमधील गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात याच संयुगात स्कर्मिऑन, म्हणजे चुंबकत्वाचे अतिसूक्ष्म भोवरे, दाखवले. हे भोवरे अवघ्या अडीच नॅनोमीटरच्या अंतराने रचलेले आहेत. भविष्यातील संगणकीय स्मृतीसाठी असे भोवरे उपयोगी पडतील का, यावर आज जगभर काम सुरू आहे. त्या कथेचे एक सुरुवातीचे पान मुंबईत लिहिले गेले.

मग धडा कोणता?

पहिला धडा क्रमाचा. एम्समध्ये आधी मूलद्रव्ये वेगळी करण्याची पद्धत आली, मग शुद्ध धातू, मग स्फटिक, मग मोजमाप, आणि कित्येक वर्षांनी गॅडोलिनियमवर चालणारे शीतकरण. कोणतीही पायरी गाळून वरची पायरी गाठता आली नाही. आपल्याकडे १९५०पासून इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजे आजची आयआरईएल ही मुंबईत मुख्यालय असलेली सरकारी कंपनी केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनारी वाळूतून खनिज काढते. आपल्या मोनाझाइटमध्ये हलकी मूलद्रव्ये भरपूर, पण डिस्प्रोसियम-टर्बियमसारखी जड फारच थोडी. म्हणजे जो माल थोडा आहे, त्याचा कण न् कण जाणून वापरण्यावाचून आपल्याला पर्याय नाही. कमी डिस्प्रोसियम घालून तेवढाच टिकाऊ चुंबक बनवायचा, तर ते कोणत्या कणाच्या कोणत्या कडेला हवे हे माहीत असावे लागते. ते ज्ञान खाणीत सापडत नाही.

दुसरा धडा पैशांचा. शुद्धीकरण, स्फटिकवाढ आणि अतिशीत मोजमाप ही कामे कारखान्याच्या तुलनेत स्वस्त, पण सतत चालू ठेवावी लागणारी. त्यांना द्रव हेलियम लागते, आणि हेलियमसाठी आपण आयातीवर अवलंबून आहोत. त्यांना कुशल तंत्रज्ञ लागतात, आणि भट्टीसमोर वीस वर्षे घालवलेला तंत्रज्ञ निवृत्त झाला की त्याचे कसब कोणत्याही अहवालात उरत नाही. हजारो कोटींच्या योजनांतला लहानसा, पण दहा-पंधरा वर्षांसाठी बांधलेला हिस्सा या कामासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. विद्यापीठांतील प्रयोगशाळांना शुद्ध धातू देशातूनच, रास्त दरात आणि वेळेवर मिळतील अशी व्यवस्था आयआरईएलसारखी कंपनी करू शकते. एम्समध्ये तशी व्यवस्था अनेक दशके चालत आली आहे.

यावर आक्षेप येईल की, आज कारखान्यांना चुंबक हवे आहेत, स्फटिकांचा अभ्यास नंतर करू. आक्षेपात तथ्य आहे. चुंबकांची निकड खरी आहे. पण परवान्याची अट उठली किंवा पुन्हा बसली, तरी आपण दुसऱ्याच्या कृतीने दुसऱ्याच्याच दर्जाचा माल बनवत राहणार का, हा प्रश्न उरतो. पुढचा चुंबक, पुढचे शीतयंत्र किंवा पुढची स्मृती कोणत्या संयुगातून येईल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. १९९८ मध्ये त्या संयुगाचा रोध मोजणाऱ्यांना तरी भोवऱ्यांची कल्पना कुठे होती? त्यांच्याकडे चांगला नमुना होता, थंडावा होता, आणि आकडा विचित्र आला म्हणून तो टाकून न देण्याची शिस्त होती. खनिज मोहिमेच्या अंदाजपत्रकात या तीन गोष्टींसाठी एक ओळ असायला हवी.